चटणीतला ‘च’ आणि माझे पुढचे दोन दात

गेल्या दोन वर्षांत माझ्या तोंडात तीन प्रकारचे दात बसून झाले आणि चौथा प्रकार बसता बसता राहिला. त्यामुळे आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात, बसस्टॉपवर, हळदीकुंकवाला कोणाचा पुढचा दात हलायला लागला की ती बाई माझ्याकडे येते. ‘कुठला बसवू गं?’ असं इतक्या सहज विचारतात की जसा काही मी माणकुराद आंबा निवडून देणार आहे. तेच ते सांगून कंटाळले, म्हणून लिहूनच टाकते. खर्चासकट.

जुलै २०२३. आमच्या घराला अंगणात उतरायला चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि आमचे हे दरवर्षी ‘रविवारी घासतो’ म्हणतात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, शाळेची घाई. तिसऱ्या पायरीवरून गेले ती थेट तोंडावर. वरचे मधले दोन दात. एक मुळासकट बाहेर आला, दुसरा हिरडीपाशी मोडला आणि त्याचं मूळ उभं चिरलं, म्हणून तोही पुढे काढावा लागला.

ह्यांनी पडलेला दात चिखलातून शोधला, नळाखाली बोटांनी चोळचोळून लख्ख केला आणि इस्त्रीच्या रुमालात गुंडाळला. दवाखान्यात पोचायला दीड तास गेला. डॉक्टरांनी रुमाल उघडला आणि काही न बोलता पुन्हा बंद केला. मग सांगितलं ते असं : पडलेला दात चावायच्या टोकाकडून धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, कारण मुळावरच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांच्याच जोरावर दात परत धरतो. माती असेल तर क्षणभर पाणी सोडायचं, घासायचं नाही. जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवायचा, नाहीतर दुधात टाकून पळायचं, तासाभराच्या आत. आमच्या फ्रीजमध्ये त्या सकाळी अर्ध्या लिटरची न फोडलेली पिशवी होती. ह्यांना मी ते आजवर बोलून दाखवलेलं नाही, इथे लिहितेय तेवढंच. (हे पक्क्या दातांचं हं. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायला जायचं नसतं. शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीत मी हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.)

आता माझी नोकरी. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली-दुसरी एकत्र, पट सतरा. दुसरीच्या वर्गात जुलै महिन्यात पुढचे दात असलेली मुलं शोधावी लागतात. मी पाचव्या दिवशी तोंडाला रुमाल लावून वर्गात शिरले. रुमाल काढला तर पुढच्या बाकावरचा एक उठून जवळ आला, वाकून बघितलं आणि अगदी बरोबरीच्या नात्याने म्हणाला, “टीचर, तुमचे दांत परत येतले?” मी म्हटलं, नाही येणार रे. त्याला माझी खरंच कीव आली. त्याचा तर एका बाजूने पांढरा कोंब दिसतही होता.

डी.एड.ला असताना ‘त थ द ध न हे दंत्य वर्ण’ असं घोकलं होतं. त्याचा अर्थ कळला त्या जुलैत. जीभ टेकायला जाते आणि समोर भिंतच नाही. ‘दगड’ म्हणताना जीभ बाहेर डोकावते. ‘फ’ आणि ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला लागतो, तो हवेतच राहतो. ‘सरस्वती’ची ‘थरथ्वती’ झाली. आणि सगळ्यांत वाईट अवस्था आपल्या त्या दोन प्रकारच्या च-ज-झची. चेहऱ्यातला च टाळूवर होतो, तो शाबूत राहिला. चटणीतला च दातांपाशी होतो, तो गेला. जेवणातला ज आहे, जगातला ज नाही. पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या बाईची ही गत! हे एवढं सगळं सांगायचं कारण असं, की दात बसवायला जातो तेव्हा दवाखान्यात सगळे दिसण्याबद्दल बोलतात. आरसा देतात, रंग दाखवतात, फोटो काढतात. मला बोलता यायला हवं होतं.

पहिला प्रकार, काढघाल करायची पट्टी. गुलाबी प्लास्टिकची टाळूला बसणारी पाटी, तिला पुढे दोन दात आणि बाजूच्या दातांना अडकायला तारेचे दोन आकडे. २,८०० रुपये. माप दिल्यापासून चार दिवसांत हातात. स्वस्त, झटपट, शेजारच्या दातांना काही इजा नाही, आणि तुटली तर जोडून मिळते. पण हे ज्या दवाखान्यात केलं (नाव घेत नाही, मोठा टीव्ही आहे तिथे, त्यावर अखंड कोणीतरी हसत असतं), तिथे पाटी जाड झाली होती. सगळं टाळू झाकलेलं, त्यामुळे हुमण (माशाची आमटी) तोंडात गेलं तरी निम्मी चव पाटीलाच. बोलले की प्रत्येक ‘स’बरोबर बारीक शीळ. मी तक्रार केली तर “सवय होईल हो मॅडम.” सवय कोणाला व्हायची होती? वर्गातल्या मुलांनी एका दिवसात तशी शीळ घालायला शिकून घेतलं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, अब्रूच गेली. शेजारच्यांकडे नेवरी (करंजी) पुढच्या दातांनी चावली, नेवरी राहिली हातात आणि पट्टी नेवरीत. तेव्हापासून शिकले : पट्टी असताना पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. उंडो (गोल पाव), पेरू, मक्याचं कणीस सगळं तुकडे करून सुळ्याच्या मागे नेऊन चावायचं. रात्री काढून पाण्यात ठेवायची. पाणी साधं, कढत नको, प्लास्टिक वाकतं. घासायला टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत वास धरतो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश.

आमच्या सासूबाईंची पूर्ण कवळी आहे, सोळा वर्षं झाली. न्हाणीघराच्या खिडकीत त्यांचा स्टीलचा पेला असायचा, त्याच्या शेजारी आता माझा आला. लाईट गेलेल्या एका पहाटे मी घाईत चुकीच्या पेल्यात हात घातला. पुढचं सांगत नाही. पण उपाय सांगितला तो सासूबाईंनीच. “रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने पोथी वाच. मनात नको, मोठ्याने. जीभ आंधळी असते, तिला घर दाखवावं लागतं.” पंधरा दिवसांत त्या दवाखान्याने न काढलेली अर्धी शीळ पोथीने काढली. उरलेली अर्धी काढली ती पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी, दातांच्या मागचा जाड भाग दोन मिनिटं मशीनवर घासून. दोन मिनिटं! दोन महिने मी ‘सवय होईल’च्या नावाखाली शीळ घालत होते.

दुसरा प्रकार, लवचीक पट्टी. नायलॉनसारख्या मटेरियलची, तारा नाहीत, आकडेसुद्धा हिरडीच्याच रंगाचे. ६,५०० रुपये. बारीक, हलकी, हसले तर कोणाला कळत नाही. ही मला एका नातेवाईक बाईने गळ्यात मारली आणि मीही भुलले. तीन महिने घातली. दिसायला पहिलीपेक्षा कितीतरी चांगली, पण चावताना वाकते, आणि दुखायला लागली की मऊ असल्यामुळे नीट घासून देता येत नाही. दात काढल्यावर खालचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. हिरडी बसली, पट्टी ढिली झाली. साध्या प्लास्टिकच्या पट्टीला आतून नवा थर देऊन घट्ट करता येतं, हिला ते सहजी जमत नाही. थोडक्यात, लग्नाकार्यापुरती ठीक. रोज सहा तास बोलणाऱ्या माणसाने पैसे वाया घालवू नयेत.

आता बसता बसता राहिलेला प्रकार : ब्रिज. टीव्हीवाल्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “पट्टीबिट्टी सोडा, आठवड्यात फिक्स दात देतो, झिर्कोनियाचे.” झिर्कोनिया म्हणजे पांढरं, टणक सिरॅमिक. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅपा आणि मध्ये लटकते दात, सगळं एकसंध. माझ्या केसमध्ये गेलेल्या दातांच्या शेजारचे दोन दात मुळातच बारके, मुळं तोकडी. मोठ्या दोन दातांचा भार त्यांच्यावर टाकायचा म्हणजे जोखीम, म्हणून पलीकडचे सुळेही घ्यायचे. गेलेले दात दोन आणि घासायचे चांगले दात चार. सहा दातांचा ब्रिज.

हा हिशोब मला तिथे कोणी समजावून सांगितला नाही. तो कळला बांबोळीला. एक दिवस रजा टाकली आणि गोवा दंत महाविद्यालयाच्या इस्पितळात गेले. १९८० पासूनची सरकारी संस्था आहे. इथे वेळ घेऊन जावं. शिकणारी मुलं तपासतात, मग त्यांचे शिक्षक येऊन पुन्हा तपासतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा होते. मला, मास्तरणीला, ते फार आवडलं. शिक्षक त्या मुलीला विचारत होते, “हे चारही दात कसे आहेत?” ती म्हणाली, “सर, एकदम साउंड. फिलिंगसुद्धा नाही.” “मग ते घासायचे का?” ती गप्प. मी खुर्चीवर तोंड उघडं टाकून हा तास ऐकला. ज्यांच्या शेजारच्या दातांना आधीच कॅप आहे, मोठं फिलिंग आहे, त्यांच्यासाठी ब्रिज उत्तम, लवकर होतो, ऑपरेशन नाही. घासलेला दात मात्र परत वाढत नाही. आणि पुढेमागे त्यातला एक किडला तर अख्खा ब्रिज काढावा लागतो.

तिथेच मेरीलँड ब्रिजबद्दल ऐकलं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठावरून नाव पडलंय. दाताला मागून एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात, घासणं जवळपास नाहीच. माझ्या धाकट्या भाचीचा एकच दात नव्हता, तिला हाच केला आणि झकास चाललाय. गंमत म्हणजे दोन बाजूंना दोन पंख लावण्यापेक्षा पुढच्या दातांत एकच पंख पुष्कळदा जास्त टिकतो. दोन्ही बाजूंचे दात चावताना आपापल्या दिशेने किंचित हलतात, आणि त्या ओढाताणीत एक पंख सुटतो. सुटलेला कळत नाही, आत कीड लागते. एकाच पंखाचा सुटला तर सरळ हातात येतो. माझे लगतचे दोन गेलेले आणि शेजारी बारके, म्हणून मला हा जमण्यासारखा नव्हता.

राहिलं इम्प्लांट. म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे केलं. पहिल्या भेटीत त्यांनी रंगाचा विषयच काढला नाही. साखर किती, तंबाखू-मिसरी लावता का, हाडं ठिसूळ झाल्याचं औषध घेता का, हे विचारलं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.२ निघाली. “सातच्या आसपास आणा, मग बघू.” चार महिने भात निम्मा केला, संध्याकाळी मयेंच्या रस्त्याने चालले, ७.१ वर आणली. जिथे लगेच उद्याची तारीख देतात तिथून मी आता आपोआप उठते.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, हाडात बसवायचा आणि हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड त्याला चिकटून बसलं होतं. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि त्या गृहस्थांना ते चाळीस वर्षं, मरेपर्यंत पुरले. ही गोष्ट मी वर्गात सांगितली. सगळ्यांचा प्रश्न एकच : सशाचं काय झालं?

माझं समोरचं हाड पातळ झालं होतं, पट्टी घालून महिने काढल्याचा परिणाम. स्कॅनमध्ये ते कागदाच्या कडेसारखं दिसलं. तिथे हाडाची पूड भरावी लागणार होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “एक पूड गाईच्या हाडापासून केलेली असते, एक पूर्ण कृत्रिम. घरी विचारून सांगा.” त्यांनी विचारलं म्हणून सांगते, नाहीतर कोणाला कळलं असतं? घरी सासूबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. कृत्रिम भरली. मार्च २०२४मध्ये स्क्रू बसले. भूल दिल्यावर दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी ओठ पातोळीसारखा (हळदीच्या पानात उकडलेलं गोड पक्वान्न) सुजला, चौथ्या दिवशी उतरला. पुढचे सहा महिने पुन्हा तीच जुनी २,८०० रुपयांची पट्टी, आता नीट घासलेली, आतून सैल केलेली. खरं तर या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त दिवस माझी नोकरी सांभाळली ती त्या कुरूप पट्टीने. लोक तिला नावं ठेवतात, मी ठेवत नाही.

सप्टेंबरात स्क्रूंवर तात्पुरते दात चढवले, आणि पैसे वसूल झाले ते या टप्प्यात. तात्पुरत्या दातांनी हिरडीला आकार येतो, आणि आपल्याला बोलून बघता येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंग्रजीत पन्नासपासून साठपर्यंत मोजा, म्हणजे फ आणि व कळतील, मग साठच्या पुढे मोजा, स कळेल. मी म्हटलं, थांबा, इंग्रजी आकड्यांत आमचा च कुठे आहे? मी घरून वाक्य करूनच आणलं होतं : “झाडाजवळ जाईचं चांदणं सांडलं, वासराने फुलं फस्त केली.” म्हणून बघा, सगळे नाठाळ वर्ण यात आहेत. पहिल्या दिवशी ‘झाडाजवळ’ अडकलं. त्यांनी दातांची पाठ अर्धा केस घासली. पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी चांदणं नीट सांडलं तेव्हा त्यांची मदतनीस मुलगीही हसली. नंतर पक्के दात त्या तात्पुरत्यांचीच हुबेहूब नक्कल करून आले.

रंगाचं एवढंच : नेहमीच्या रंगपट्टीवर सोळा छटा असतात. टीव्हीवाल्यांनी मला सर्वांत पांढरीच्या जवळची दाखवली होती. बावन्न वर्षांच्या, दिवसाला चार कप चहा पिणाऱ्या तोंडात ते दोन दात ट्यूबलाइटसारखे दिसले असते. शेवटी घेतली ती पिवळट छटा, आणि ती दवाखान्याच्या दिव्याखाली न बघता दारात जाऊन उजेडात बघितली.

सगळं मिळून ८४,००० रुपये. दोन स्क्रू, पूड, तात्पुरते आणि पक्के दात. खूप आहेत. आणि इतके देऊनही हे माझे दात नव्हेत, हेही सांगते. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं, त्यामुळे त्याला कळतं. इम्प्लांट हाडालाच थेट चिकटलेलं, त्याला ते अस्तर नाही. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यात वाळूचा एक कण राहिला तर बाजूच्या दाताला लगेच समजतं, या दोघांना पत्ता नसतो. म्हणून जोर कळत नाही, म्हणून जून ऊस आणि हाडकं अजूनही बंद. स्क्रूने बसवलेले असल्यामुळे काही झालं तर मागच्या बारीक भोकातून काढता येतात, हे बरं. दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते, मध्ये घालायचा बारीक ब्रश रोज फिरवते.

दुसरी उणीव दिसणारी आहे. लगत दोन इम्प्लांट असले की त्यांच्या मधली हिरडीची टोकदार पाकळी पूर्ण भरून येत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे आधी सांगितलं होतं, दातांचा आकार हिरडीकडे थोडा रुंद करून मधली फटही लहान केली. तरी एक काळा त्रिकोण राहिलाच, तांदळाच्या कणीएवढा. फोटोत दिसत नाही. पण दुसरीच्या मुलांची नजर फोटोसारखी नसते. गेल्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीनंतर फळ्यावर च काढून मी मोठ्या दिमाखात वर्गाकडे वळले, “म्हणा, चटणी,” तर पहिल्या बाकावरून आवाज आला, “टीचर, दांतांत कोथमीर.”